टेक्सासचा हँडगन परवाना: वर्ग, रेंजवरची परीक्षा आणि घरातलं पिस्तूल

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही डॅलसजवळ राहतो. नवरा अमेरिकी नागरिक, माझं ग्रीन कार्ड. त्याने नुकतंच पिस्तूल घेतलं. २०२१ पासून टेक्सासमध्ये परवाना लागतच नाही, मग परवान्याच्या वर्गाला कशाला पैसे घालवायचे, असं त्याचं म्हणणं. मला मात्र वर्ग करावासा वाटतो. पण मी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, सगळ्यांसमोर नापास झाले तर? वर्गात नेमकं काय शिकवतात? घरात बारा आणि सहा वर्षांची मुलं आहेत. शिवाय माझा दीर एच-वन-बी व्हिसावर आहे, त्यालाही आमच्याबरोबर रेंजवर यायचंय.’

ताई, मी हाच वर्ग शिकवते, पण तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. बाकी सगळं सावकाश शिकता येईल, ही गोष्ट मात्र आजच कळायला हवी. दिरांना इतक्यात रेंजवर नेऊ नका.

एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. बंदूक कुणाच्या मालकीची हे त्यात बघत नाहीत. ती ताब्यात असली की झालं, आणि रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल दहा मिनिटं हातात धरणं हेसुद्धा ताब्यात असणं ठरू शकतं. याला थोडे अपवाद आहेत. आपल्या लोकांच्या उपयोगाचा त्यातला एकच, तो म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत चालू असलेला शिकारीचा परवाना. टेक्सासमध्ये तो राज्याचं पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं देतं. दिरांना खरंच यायचं असेल तर त्यांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं, परवाना काढावा आणि तो खिशात ठेवून यावं. काउंटरवरच्या पोराने व्हिसाचं विचारलं नाही म्हणजे चालतं, असं होत नाही. नुकतीच शिकायला आलेली आपली मुलं रेंजवरचे फोटो हौसेने सगळीकडे टाकतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

तुमचं स्वतःचं वेगळं आहे. ग्रीन कार्डवर तुम्हाला पिस्तूल विकत घेता येतं, टेक्सासच्या परवान्यासाठी अर्जही करता येतो. पण एक फरक मनात पक्का ठेवा. शस्त्रांच्या कायद्याखाली नागरिक दोषी ठरला तर त्याला दंड होईल, फार तर तुरुंग. ग्रीन कार्डवाला दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते, आणि तिथे गुन्हा किरकोळ होता हे सांगून फारसा उपयोग होत नाही. म्हणून माझ्या वर्गात ग्रीन कार्डवाले असले की कायद्याच्या तासाला मी त्यांना पुढच्या रांगेत बसवते.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते चूक नाही, अपुरं आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. त्याआधीचा इतिहास थोडा सांगते, म्हणजे वर्ग कुठून आला ते कळेल. ऑक्टोबर १९९१ मध्ये किलीन गावातल्या लूबीज नावाच्या खानावळीत एका माणसाने गाडी आत घुसवली आणि गोळीबार करून २३ जणांना मारलं. त्यातून वाचलेल्या सुझाना हप यांचे आईवडील तिथेच मारले गेले. हप यांचं पिस्तूल तेव्हाच्या कायद्यामुळे बाहेर गाडीत राहिलं होतं. पुढे त्यांनी हा विषय लावून धरला, १९९५ मध्ये कायदा झाला आणि १९९६ पासून लपवून पिस्तूल बाळगण्याचे परवाने मिळू लागले. तेव्हा वर्ग दहा ते पंधरा तासांचा असे. २०१३ मध्ये तो चार ते सहा तासांवर आणला. २०१६ पासून होल्स्टरमध्ये, म्हणजे अंगावर बांधायच्या पिस्तुलाच्या म्यानात, उघड बाळगायलाही परवानगी मिळाली, आणि २०२१ मध्ये परवान्याची सक्तीच गेली. शिकवणारी म्हणून माझं स्पष्ट मत असं की प्रत्येक पायरीला शिकण्याचा वेळ कमी होत गेला आणि शिकायच्या गोष्टी मात्र वाढत गेल्या.

सक्ती गेली तरी परवान्याचे फायदे गेलेले नाहीत. तुम्हाला सगळ्यात जवळचा फायदा शाळेचा. केंद्राच्या कायद्याप्रमाणे शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेता येत नाही, मात्र त्या राज्याचा परवाना असलेल्याला यातून सूट आहे. परवाना नसेल तर बंदूक रिकामी करून कुलूपबंद पेटीत असायला हवी. सकाळी मुलांना शाळेत सोडताना यजमानांच्या गाडीत भरलेलं पिस्तूल असेल आणि परवाना नसेल, तर टेक्सासच्या कायद्याने ते बरोबर आणि केंद्राच्या कायद्याने गुन्हेगार. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. दुसरं म्हणजे, टेक्सासचा परवाना इतर अनेक राज्यं मानतात, त्यामुळे सुट्टीत गाडीने राज्याबाहेर गेलात तर तो कामाला येतो. राज्याची फी २०१७ पासून १४० डॉलरवरून ४० डॉलरवर आली आहे. बोटांचे ठसे आणि वर्गाचे पैसे वेगळे.

रेंजवरची परीक्षा. ताई, हिची भीती तुम्ही मनातून काढूनच टाका.

एकूण पन्नास गोळ्या. समोर माणसाच्या आकाराचा, कागदावर छापलेला काळा आकार, ज्याला बी-२७ म्हणतात. वीस गोळ्या तीन यार्डांवरून, वीस सात यार्डांवरून आणि दहा पंधरा यार्डांवरून. तीन यार्ड म्हणजे पावणेतीन मीटर, सात यार्ड म्हणजे साडेसहा मीटरच्या आत, आणि पंधरा यार्ड म्हणजे चौदा मीटरही नाहीत. मधल्या वर्तुळांत, म्हणजे आठ आकडा असलेल्या रेषेच्या आत गोळी लागली की पाच गुण, सातच्या वर्तुळात चार, त्याबाहेर पण काळ्या आकारावर कुठेही लागली तर तीन. एकूण २५०, पास व्हायला १७५. आता हिशोब करा. तीन आणि सात यार्डांच्या चाळीस गोळ्या मधल्या वर्तुळांत बसल्या तर तिथेच २०० होतात. पंधरा यार्डांवरच्या दहाही गोळ्या भिंतीत गेल्या तरी तुम्ही पास. मधलं वर्तुळ म्हणजे काही नाण्याएवढं नसतं, छातीचा सगळा मधला भाग त्यात येतो. नवीन माणूस आधी तासभर नीट शिकला तर सहसा नापास होत नाही.

वेळेचं बंधन असतं. तीन यार्डांवर सुरुवातीला एकेक गोळी, प्रत्येकीला दोन सेकंद. मग दोन-दोन गोळ्या तीन सेकंदांत, मग पाच गोळ्या दहा सेकंदांत. सातवर थोडा जास्त वेळ, पंधरावर आणखी थोडा. पिस्तूल होल्स्टरमधून उपसायचं नसतं, ते हातात तयार धरूनच सुरुवात होते. दोन सेकंद ऐकून लोकांचा धीर सुटतो. शिट्टी वाजली की पिस्तूल वर उचलताउचलताच चाप ओढतात. दोन सेकंद मनातल्या मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणून बघा. पिस्तूल वर आणून, पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, छातीच्या मध्यावर ठेवून, चाप सावकाश मागे घ्यायला तेवढा वेळ पुरून उरतो.

ज्यांचे गुण जातात त्यांचे का जातात, तेही सांगते. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली डावीकडे गोळा व्हायला लागल्या की मला नेम बघायची गरज नसते. तो आवाजाला घाबरून, गोळी सुटायच्या आधीच मनगट खाली दाबतोय. यावर जुना आणि हमखास उपाय आहे. मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलात काडतुसं भरायच्या पेटीत, खऱ्या काडतुसांमध्ये दोन-तीन खोटी काडतुसं मी मिसळून देते, कुठे ते त्याला सांगत नाही. खोटं काडतूस आलं की टक्क असा बारीक आवाज येतो, गोळी सुटत नाही, आणि पिस्तुलाची नळी मात्र झपकन खाली जाते. ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. कितीही समजावून सांगा, एवढं पटत नाही. पाच-दहा मिनिटांत हात शांत व्हायला लागतो. ही सगळी उजळणी परीक्षेच्या आधी, वेगळ्या दिवशी करायची. परीक्षेच्या दिवशी गोळ्या झाडायच्या लाइनवर आठ-दहा जण असतात आणि शिकवणाऱ्याला एकेकाचं मनगट सुधारत बसता येत नाही.

पिस्तूल कोणतं आणायचं? यजमानांनी घेतलेलं खिशात मावणारं छोटं असेल तर ते परीक्षेला आणू नका. दुकानात बायकांना हमखास छोटी पिस्तुलं दाखवतात, ‘तुमच्या हाताला हे बरं’ म्हणून. खरं उलट असतं. पिस्तूल जितकं हलकं आणि लहान, तितका त्याचा झटका जास्त लागतो, पकडायला जागा कमी आणि माशीही बारीक. मधल्या किंवा मोठ्या आकाराचं नऊ मिलिमीटरचं, ग्लॉक कंपनीच्या १९ किंवा १७ सारखं, हातात जास्त शांत बसतं. टेक्सासमध्ये परीक्षेला आता किमान कॅलिबरची, म्हणजे गोळीच्या जाडीची, अट नाही, त्यामुळे मनगटात संधिवात असलेल्या, वयस्क बायकांना मी सरळ पॉइंट टू-टू, म्हणजे अगदी बारीक गोळीचं पिस्तूल, देते. परवाना तोच मिळतो.

स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायला जमत नाही ही बायकांची नेहमीची तक्रार. त्यात बोटांची ताकद कमी पडत नाही, पद्धत चुकलेली असते. पिस्तूल हात लांब करून धरलं की ओढताच येत नाही. ते पोटाजवळ घ्या, नळी समोर टार्गेटकडेच ठेवा, डाव्या हाताच्या पूर्ण पंजाने स्लाइड वरून घट्ट पकडा आणि उजव्या हाताने खालचा भाग जोराने पुढे ढकला. स्लाइड ओढायची नाही, पिस्तूल ढकलायचं. सत्तरीच्या आजींनाही हे जमतं. दुसरं, पकड घेताना डावा अंगठा उजव्या मनगटामागून वर घ्यायचा नाही. स्लाइड मागे येते तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी कातडं सोलून निघतं. दोन्ही अंगठे डाव्या बाजूला, एकावर एक, पुढे रोखलेले.

कपड्यांचं मात्र ऐकाच. गळाबंद टी-शर्ट घाला, पुढे झाप असलेली टोपी घाला, बंद बूट घाला. ओढणी नको, मोकळे केस नकोत, लांब मंगळसूत्र आत टाका. पिस्तुलातून बाहेर उडणारी रिकामी पुंगळी चांगलीच तापलेली असते. एका वर्गात खोल गळ्याचा टॉप घालून आलेल्या ताईंच्या गळ्यात ती पुंगळी गेली. त्या किंचाळून मागे वळल्या, पिस्तूल हातात, बोट चापावर. मी त्यांच्या अगदी मागे उभी होते म्हणून मनगट पकडून नळी पुन्हा समोर करता आली. भाजल्याचा छोटा लाल डाग पडला, बाकी काही झालं नाही. पण तेव्हापासून मी लाइनवर जायच्या आधी प्रत्येकाचा गळा तपासते, आणि सगळ्यांना आधीच सांगून ठेवते की पुंगळी आत गेली तर भाजू द्या. आधी बोट चापावरून काढा, पिस्तूल समोरच्या टेबलावर नळी पुढे करून ठेवा, मग पुंगळी काढा.

कानांचंही तसंच. पिस्तुलाचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो. बंद रेंजमध्ये कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही घाला. रेंजच्या हवेत आणि धुळीत शिसं असतं, म्हणून बाहेर पडल्यावर गार पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवायचं, त्याआधी काही खायचं नाही, घरी जाऊन मुलांना जवळ घ्यायच्या आधी कपडे बदलायचे. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर शूटिंगची परीक्षा पुढे ढकला. शिसं आणि आवाज, दोन्ही पोटातल्या बाळाला चांगले नाहीत.

एवढं सांभाळलं तर रेंजचा दिवस आनंदाचा जातो. पहिल्या मॅगझिनला हात थरथरणारी बाई शेवटच्या दहा गोळ्यांना शांत श्वास घेऊन उभी राहते, ते बघताना मला आजही बरं वाटतं. पण ताई, पन्नास गोळ्या कागदावर लागल्या म्हणजे तुम्ही तयार झालात, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कागद हलत नाही, ओरडत नाही, त्याच्यामागे कुणाचं घर नसतं. या परीक्षेतून एवढंच कळतं की तुम्ही सुरक्षितपणे पिस्तूल हाताळू शकता. तुम्हाला खरी गरज आहे ती वर्गातल्या बाकीच्या तीन विषयांची, आणि यजमानांना ‘वर्गाची गरज काय’ असं वाटतं, तेही या विषयांबद्दल कुणी त्यांना काही सांगितलेलं नाही म्हणून.

वर्गात काय असावं हे कायद्यानेच ठरवलेलं आहे: शस्त्रांचा आणि जीवघेण्या बळाच्या वापराचा कायदा, पिस्तूल हाताळणं आणि सुरक्षितता, भांडण हिंसेशिवाय मिटवणं, आणि लहान मुलाला इजा होणार नाही अशा रीतीने पिस्तूल ठेवणं. वर्गाचा भाग आता ऑनलाइनही करता येतो, रेंजचा भाग मात्र प्रत्यक्ष जाऊनच. तुम्ही पूर्ण नवीन आहात म्हणून माझा आग्रह वर्गात बसूनच करा. स्क्रीनवर ऐकताना ‘पण समजा असं झालं तर?’ हे विचारायला कुणी नसतं, आणि खरं शिक्षण त्या प्रश्नांमधूनच होतं.

कायद्याच्या तासाला सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते कुठे नेता येत नाही यावर. शाळेची इमारत, न्यायालय, मतदान केंद्र, विमानतळाचा तपासणीनंतरचा भाग, आणि तिथेच बसून प्यायच्या मद्याच्या विक्रीतून निम्म्याहून जास्त उत्पन्न असलेली जागा, जिथे दारावर लाल अक्षरांत ‘५१%’ लिहिलेलं असतं. आपल्या लोकांनी शाळेचं विशेष लक्षात ठेवावं. इथले आपले गणेशोत्सव, नाटकं, दिवाळीचे कार्यक्रम पुष्कळदा शनिवार-रविवारी भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या सभागृहात होतात. तिथे झेंडूची तोरणं लावली म्हणून ती शाळा राहत नाही असं नाही. आरतीला आत जाताना कमरेला पिस्तूल असेल तर गुन्हा झाला. देवळांचं वेगळं आहे. २०१९ नंतर प्रार्थनास्थळात परवानाधारकाला नेता येतं, पण देवळाने मनाई केलेली नसेल तरच. म्हणून दाराजवळच्या पाट्या वाचायला शिका. हे आकडे कायद्यातल्या कलमांचे: ३०.०६ ची पाटी लपवून बाळगणाऱ्या परवानाधारकाला मनाई करते, ३०.०७ ची उघड बाळगणाऱ्याला. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीची अक्षरं असतात. पाटी नसली तरी देवळात कशाला न्यायचं, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. उत्तर ज्याचं त्याने द्यावं.

पोलिसांनी गाडी थांबवली आणि ओळखपत्र मागितलं, तर पिस्तूल जवळ असलेल्या परवानाधारकाने लायसन्ससोबत हा परवानाही दाखवायचा असतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, आधी तोंडाने सांगा, विचारल्यावरच हात हलवा. ग्लोव्ह बॉक्समध्ये पिस्तूल आणि तिथेच गाडीचे कागद, असं ठेवू नका.

मग येतो गोळी चालवण्याचा कायदा. टेक्सासचं नाव याबाबतीत फार मोठं आहे आणि त्या नावामुळेच लोक फसतात. इथे रात्रीच्या वेळी चोरी करून पळणाऱ्यावर, काही अटी पूर्ण होत असतील तर, मालमत्ता वाचवण्यासाठी जीवघेणं बळ वापरायला परवानगी देणारं कलम खरंच आहे. वर्गात कुणी ना कुणी त्याबद्दल उत्साहाने विचारतंच. मी त्या अटी एकेक करून फळ्यावर लिहिते आणि मग सांगते की लॅपटॉपसाठी गोळी चालवू नका. कलम बरोबर लागू होतं की नाही हे तुम्ही रात्री दोन वाजता अंगणात ठरवत नाही, ते नंतर न्यायालयातले ज्युरीचे बारा लोक एअर कंडिशनमध्ये बसून ठरवतात. तोवर वकिलाची फी, नोकरी आणि तुमच्या बाबतीत ग्रीन कार्ड, सगळंच टांगणीला लागतं. शिवाय मेलेला माणूस चोर होता की रस्ता चुकलेला शेजारचा मुलगा, हे कळायच्या आत गोळी सुटलेली असते. १९९२ मध्ये शेजारच्या लुइझियाना राज्यात बॅटन रूजमध्ये हॅलोवीनच्या पार्टीला निघालेला सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी चुकून दुसऱ्याच घराच्या दारात गेला. घरमालकाने ‘फ्रीझ’ म्हटलं, तो पुढे येत राहिला आणि मारला गेला. फौजदारी न्यायालयाने घरमालकाला निर्दोष सोडलं, पण पुढे दिवाणी खटल्यात मोठी भरपाई त्याच्यावर बसली. इथे नव्याने आलेल्या, इंग्रजीचे उच्चार न समजणाऱ्या माणसांची आपल्या घरात ये-जा असते. आपले आईवडील सहा महिने येऊन राहतात, पहाटे उठून अंधारात स्वयंपाकघरात जातात. समोर कोण आहे हे नक्की दिसल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये, आणि ते दिसावं म्हणून पिस्तुलाशेजारी टॉर्च हवा.

भांडण मिटवण्याचा तास लोक हसण्यावारी नेतात. हायवेवर कुणी गाडी आडवी घातली, हॉर्न वाजवला, बोट दाखवलं. पिस्तूल जवळ असलेल्या माणसाने तिथे काच खाली करून उत्तर द्यायचं नाही. कारण भांडण तुम्ही वाढवलंत असं ठरलं, तर स्वसंरक्षणाचा दावा तुम्हीच कमकुवत केलात. मी वर्गात दोघांना समोरासमोर उभं करून पार्किंगच्या जागेवरून भांडायला लावते, आणि एकाला सांगते की काहीही झालं तरी माफी मागून निघून जायचं. धडधाकट पुरुषांना हे पंधरा यार्डांपेक्षा जड जातं.

आणि आता तुमची मुलं. तुमच्या प्रश्नात ती एका ओळीत आली आहेत, माझ्यासाठी सगळा प्रश्न तोच आहे.

टेक्सासच्या कायद्यात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल असा निष्काळजीपणा केला तर गुन्हा आहे, आणि त्यातून मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर तो आणखी मोठा होतो. पण कायदा बाजूला ठेवा. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एक आई आपल्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन वॉलमार्टमध्ये गेली होती. तिच्याकडे परवाना होता. पर्सही पिस्तूल ठेवायच्या खास कप्प्याची होती. शॉपिंग कार्टमध्ये बसलेल्या मुलाने पर्समध्ये हात घातला आणि गोळी सुटून ती आई जागीच गेली. मी ही घटना प्रत्येक वर्गात सांगते आणि पर्समध्ये पिस्तूल ठेवू नका असं सांगते. पर्स खांद्यावरून खाली उतरते, खुर्चीवर टांगली जाते, मैत्रिणीच्या घरी सोफ्यावर पडते. अंगावर, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, नाहीतर तिजोरीत. तिसरी जागा नाही.

कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या घडीखाली, गादीखाली ठेवलेलं पिस्तूल मुलांना ठाऊक नसतं असं आईवडिलांनाच वाटतं. तुमच्या बारा वर्षांच्या मुलाला ते कुठे आहे हे बहुधा आत्ताच माहीत असेल. बोटांच्या ठशाने किंवा बटणांच्या आकड्यांनी उघडणारी छोटी तिजोरी मिळते. ती पलंगाजवळ भिंतीला किंवा जड फर्निचरला स्क्रूने पक्की करा, कारण सुटी तिजोरी उचलून नेता येते. आकडा मुलांच्या वाढदिवसाचा नको. गाडीत रात्रभर पिस्तूल ठेवू नका, गाडीतून चोरीला गेलेली पिस्तुलं कुणाच्या हाती जातात ते सांगायला नको. मुलं दुसऱ्यांकडे खेळायला जातात तेव्हा त्या घरी बंदूक आहे का आणि ती कुलूपबंद आहे का, हे विचारायला संकोच करू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी विचारता, तसंच हे विचारा.

सहा वर्षांच्या धाकट्याला एवढंच शिकवा: बंदूक दिसली की हात लावायचा नाही, तिथून निघून जायचं, मोठ्यांना सांगायचं. पण त्या शिकवणुकीवर विसंबू नका. मुलं नियम पाठ म्हणतात आणि वस्तू समोर आली की हात लावतात.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी शिकवणारे बोलतात. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घुसखोराची भीती वाटून घेतलेलं पिस्तूल घरातल्याच माणसाच्या वाईट रात्री त्याच्या हाताला लागतं. नोकरी गेलेली, व्हिसाची मुदत संपत आलेली, लग्न मोडायला आलेलं, किंवा चौदा-पंधरा वर्षांचं मूल एकाएकी गप्प झालेलं, असा काळ घरात आला तर पिस्तूल काही महिन्यांसाठी घराबाहेर ठेवा. विश्वासू नातेवाइकाकडे, किंवा ज्या दुकानात ठेवून घेतात तिथे. त्यात लाज नाही. आपल्याकडे मनाच्या आजाराबद्दल बोलत नाहीत, म्हणून हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. आत्महत्येचा विचार मनात आला तर मदतीसाठी ९८८ या नंबरवर चोवीस तास फोन करता येतो.

भारतात जाणाऱ्यांसाठी एक सूचना. रेंजवर नेलेली बॅग कधीही विमानप्रवासाला वापरू नका. एखादं काडतूस अस्तरात किंवा बाजूच्या खिशात राहून जातं, इथल्या तपासणीत सुटतं आणि परतताना मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसतं. भारतात परवान्याशिवाय जिवंत काडतूस जवळ असणं आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. ते नकळत राहिलं हे न्यायालयात सिद्ध करता येतं, पण तोवर अटक, जामीन, पासपोर्ट अडकणं, सुट्टी संपणं हे सगळं होऊन जातं. रेंजची बॅग वेगळी, तिचा रंग वेगळा, ती गॅरेजमध्ये. रेंजवरून निघताना जॅकेटचे आणि जीनचे खिसेही उलटे करून बघा.

इथल्या विमानतळांवरही तेच. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. ‘बॅगेत होती हे विसरलो’ हेच कारण लोक सांगतात. विमानात पिस्तूल न्यायचंच असेल तर रिकामं करून, कडक कुलूपबंद पेटीत, चेक-इनच्या सामानात, काउंटरवर सांगून.

तुम्ही विचारलंत म्हणून क्रम सांगते. या आठवड्यात तिजोरी आणा आणि पिस्तूल आत जाऊ द्या, वर्गाचं नंतर बघू. मग एखाद्या शिकवणाऱ्याकडे एकटीने तासभर प्राथमिक शिकवणी घ्या, भाड्याच्या पॉइंट टू-टूने सुरुवात करा. शिकवणारा निवडताना त्याच्या गोष्टी कशाबद्दल असतात ते ऐका. जो सारखा ‘मी असतो तर त्याला उडवलं असतं’ असं बोलतो, त्याच्याकडे जाऊ नका. दोन-तीन वेळा रेंजवर जाऊन हात स्थिर झाला की वर्गात नाव नोंदवा. लेखी परीक्षेला सत्तर टक्के लागतात, लक्ष देऊन ऐकलं तर अवघड नाही. पास झालात की प्रमाणपत्र मिळेल, ते अर्जासोबत राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याला पाठवायचं, ठसे द्यायचे, मग कार्ड घरी येतं. यजमानांना सोबत आणा. मुलांना त्या दिवशी कुणाकडे तरी ठेवा, कारण वर्गात तुम्हा दोघांचं लक्ष पूर्ण हवं आहे, आणि शाळेच्या हजार फुटांचा प्रश्न यजमानांनीच विचारावा अशी माझी इच्छा आहे.